गेलेल्यांच्या पाट्या

केरळच्या सहलीच्या पत्रकात कोचीच्या वाट्याला अर्धा दिवस येतो, तोही परतीचं विमान संध्याकाळचं असतं म्हणून. मुन्नारचा चहा, ठेक्कडीचा न दिसलेला वाघ आणि अलेप्पीची हाउसबोट एवढं उरकून माणसं दमलेली असतात. पिशव्या वेलदोड्यांनी आणि केळ्याच्या वेफर्सनी फुगलेल्या असतात. अशा अवस्थेत बस फोर्ट कोचीत थांबते आणि टूर मॅनेजर जाहीर करतो, "मंडळी, इथं चार गोष्टी. चिनी जाळी, वास्को द गामाची कबर, डच पॅलेस आणि ज्यू टाउन. शॉपिंग शेवटी. कुणीही हरवायचं नाही."

ही चार नावं ऐकली तेव्हाच मला वाटलं होतं की यादीत काहीतरी चमत्कारिक आहे. बघून झाल्यावर ते लक्षात आलं. चिनी जाळ्यांवर चिनी माणूस नाही, वास्कोच्या कबरीत वास्को नाही, डच पॅलेस डचांनी बांधलेला नाही आणि ज्यू टाउनमधले ज्यू एका हाताच्या बोटांवर मोजायचीही गरज राहिलेली नाही. पाट्या सगळ्या गेलेल्या माणसांच्या. जी माणसं शतकानुशतकं तिथंच राहिली आहेत, पापड लाटतायत, कपडे धुतायत, मिरी पाखडतायत, त्यांच्या नावाची पाटी शोधायला मात्र गल्लीबोळ पालथे घालावे लागतात.

आधी वास्कोचं सांगतो. तो २४ डिसेंबर १५२४ रोजी कोचीत वारला. सेंट फ्रान्सिस चर्चमध्ये त्याला पुरलं आणि १५३९ मध्ये त्याच्या अस्थी उकरून पोर्तुगालला नेल्या. म्हणजे तो इथं जेमतेम पंधरा वर्षं होता आणि ती जागा रिकामी होऊन पाचशे वर्षं होत आली. तरी जमिनीतल्या त्या शिळेभोवती कठडा आहे आणि कठड्याभोवती गर्दी आहे. आमच्या बसमधल्या एका काकांनी चपला काढून हात जोडले. काकू दबक्या आवाजात म्हणाल्या, "अहो, आत कुणी नाहीये म्हणतायत." काका म्हणाले, "असू दे गं. होता ना!" इतिहासाकडे बघायची ही दृष्टी मला सोयीची वाटली.

ते चर्च मात्र मजेचं आहे. पोर्तुगीज फ्रान्सिस्कनांनी ते बांधलं. १६६३ मध्ये डचांनी कोची घेतली तेव्हा ते प्रोटेस्टंट झालं, इंग्रजांच्या काळात अँग्लिकन झालं आणि आता ते चर्च ऑफ साउथ इंडियाकडे आहे. एवढी धर्मांतरं क्वचितच कुणा माणसाच्या वाट्याला येतात. उत्तरेच्या भिंतीला पोर्तुगीजांच्या कबरींच्या शिळा उभ्या केल्यात आणि दक्षिणेच्या भिंतीला डचांच्या. जिवंतपणी एकमेकांचे गळे धरणारी ही मंडळी आता समोरासमोर उभी राहून पर्यटकांचे फोटो निघताना बघतात. मध्ये छताला कापडाचे मोठे पंखे टांगलेत. त्यांच्या दोऱ्या भिंतीतल्या भोकांतून बाहेर जातात. बाहेर उन्हात बसून त्या दोऱ्या कोण ओढायचं, त्याचं नाव कुठल्याही शिळेवर नाही.

डच पॅलेसची कथा तर आपल्याकडच्या कुठल्याही सोसायटीत शोभेल. १५५५ च्या सुमारास पोर्तुगीजांनी तो बांधून कोचीच्या राजाला भेट दिला. (त्याआधी त्यांनी एका देवळाची लूट केली होती, त्याची ही भरपाई, असं सांगतात.) पुढं शंभरेक वर्षांनी डचांनी त्याची डागडुजी केली, थोडी वाढवावाढव केली आणि नाव त्यांचं लागलं. बांधला एकानं, राहिला दुसरा, आणि ज्यानं गिलावा-रंग केला त्याची पाटी. आत राजाच्या शेजघरात रामायणाची भित्तिचित्रं आहेत. भिंतीचा एक वीतभर तुकडा मोकळा सोडलेला नाही. ती काढणाऱ्या चित्रकारांचीही नावं कुणी लिहून ठेवलेली नाहीत, हे आता सांगायला नकोच.

हे सगळे लोक इथंच का येऊन थडकले? १३४१ मध्ये पेरियार नदीला पूर आला. त्यात कोडुंगल्लूरचं, म्हणजे जुन्या मुझिरिसचं बंदर गाळानं भरलं आणि दक्षिणेला कोचीचं तोंड मोकळं झालं. नदीनं एका गावाची रोजीरोटी उचलली आणि दुसऱ्या गावाच्या पदरात टाकली. मागोमाग व्यापारी आले. कोचीचे राजे येईल त्याला जागा देत गेले. त्यांच्या औदार्याबद्दल स्थानिक लोक फार भरभरून बोलतात आणि ते खरंही असेल. पण मिऱ्याच्या प्रत्येक पोत्यामागं जकात मिळत असली की औदार्य टिकायला मदत होते, एवढं म्हणायला हरकत नाही.

आता गंमत बघा. गोव्यात १५६० मध्ये इन्क्विझिशन बसलं. त्या सुमारास देव डोक्यावर घेऊन कोकणी बोलणारी सारस्वत मंडळी दक्षिणेकडं निघाली. त्यातली बरीच कोचीला पोचली. इकडे कोडुंगल्लूरचे ज्यूही पोर्तुगीजांच्या जाचानं कोचीकडं सरकले. दोघांचा छळ करणारे तेच, आणि कोचीतही किल्ला त्यांचाच. पण किल्ल्याबाहेर, हाकेच्या अंतरावर राजाची मट्टनचेरी होती. तिथं या दोघांना जागा मिळाली. १५६८ मध्ये ज्यूंनी सिनेगॉग बांधलं ते थेट राजवाड्याच्या देवळाला लागून. तोफांच्या टप्प्यात राहायचं, पण राजाच्या आडोशानं! निर्वासितांना भूगोल फार बारकाईनं कळतो.

ज्यू टाउनची ती गल्ली आता अगदी चकाचक आहे. सिनेगॉगात चपला बाहेर काढून जावं लागतं, कारण पायाखाली अठराव्या शतकात चीनहून आलेल्या हातानं रंगवलेल्या निळ्या-पांढऱ्या फरशा आहेत. एकही फरशी दुसरीसारखी नाही, असं तिथं सांगतात. हे ऐकल्यावर आमच्या अख्ख्या बसनं वरची बेल्जियन झुंबरं सोडून माना खाली घातल्या आणि दोन सारख्या फरशा शोधायला सुरुवात केली. बायकोला सापडल्या, असा तिचा दावा आहे. १९६८ मध्ये या सिनेगॉगची चारशे वर्षं साजरी झाली तेव्हा इंदिरा गांधी आल्या होत्या, टपाल तिकीटही निघालं होतं. पण तोवर ज्यू निघायला लागून दीड दशक झालं होतं. इस्रायल झाल्यावर कोचीचे दोन-अडीच हजार ज्यू हळूहळू तिकडं गेले. कुणी हाकललं म्हणून गेले नाहीत, हे महत्त्वाचं. राहिलेल्यांपैकी एका आजीबाईंचं त्या गल्लीत भरतकामाचं दुकान होतं. त्या २०१९ मध्ये शहाण्णवाव्या वर्षी गेल्या. त्यांना अखेरपर्यंत सांभाळलं ते शेजारच्या एका मुस्लिम माणसानं. दुकानही त्याच कुटुंबानं चालू ठेवलं. ही गोष्ट पर्यटकांना फार आवडते आणि आवडावी अशीच आहे.

पण दुसरीही एक गोष्ट आहे, ती गाइड सांगत नाही. या सिनेगॉगात काही ज्यूंना बसायला जागा नव्हती. ज्यांचे पूर्वज कधीकाळी गुलाम होते असं मानलं जाई, त्यांनी बाहेरच्या खोलीत जमिनीवर बसायचं. त्यांच्यातच अब्राहम बराक सालेम नावाचे वकील निघाले. त्यांनी गांधीजींचा सत्याग्रह उचलून थेट प्रार्थनेच्या जागी नेला. बाकांवर बसण्याचा हक्क मिळवायला त्यांची वर्षानुवर्षं गेली. त्यांच्या मुलाला गोऱ्या म्हणवणाऱ्या घरातली मुलगी आवडली. ते लग्न कोचीत लागेना. मग दोघं मुंबईला आली आणि १९५० मध्ये मुंबईत लग्न लागलं. आपलं शहर एकेकाळी अशा कामाला येत होतं, हे मुंबईकरांनी नोंदवून ठेवावं. सलोख्याच्या गोष्टी सांगणाऱ्यांनी ही गोष्टही त्याच दमात सांगायला हवी. नाहीतर मट्टनचेरी म्हणजे सगळे एकमेकांना रोज लाडू भरवत होते, असा समज होतो. तसं नव्हतं. प्रत्येकाची गल्ली वेगळी, विहीर वेगळी, पंगत वेगळी. फक्त धंदा एकत्र होता, आणि त्या धंद्यापायी बोलाचाली कधी बंद पडू शकली नाही.

महाराष्ट्राशी कोचीच्या ज्यूंचा संबंध त्याआधीचाही आहे. आपल्या कोकणातले शनवार तेली, म्हणजे बेने इस्रायली, यांना हिब्रू प्रार्थना आणि रीतिरिवाज शिकवायला एकोणिसाव्या शतकात कोचीचे शिक्षक मुंबईला येत असत. म्हणजे अलिबाग-पेणकडच्या मराठी घरांतल्या शब्बाथचे मास्तर कोचीचे.

ज्यू टाउनमधून बाकीची मंडळी फ्रिज मॅग्नेट घेत होती तेव्हा आम्ही दोघं सटकलो आणि रिक्षा करून चेरलाईला गेलो. चेरलाई हा कोकण्यांचा भाग. तिरुमला देवस्थानाच्या भोवती घरं आहेत. जांभ्याच्या भिंती, वर मंगलोरी कौलं, दारात तुळस. रत्नागिरीच्या कुठल्याही पाखाडीत शोभावं असं सगळं. एका ओसरीवर चटईवर पापड वाळत घातले होते आणि शेजारी एक बाई हातात लांब वेताची काठी घेऊन कावळ्यांशी भांडत होत्या. बायकोनं मराठीत विचारलं, "उडदाचे का हो?" त्यांनी काठी खाली ठेवली आणि म्हणाल्या, "तुमी खंयचे?"

पुढची वीस मिनिटं बायको मराठीत आणि त्या कोकणीत बोलल्या. अधूनमधून त्यांच्या तोंडी मल्याळम येई, तेवढंच निसटलं. भाषा की बोली या वादात आपल्याकडं जेवढी शाई सांडली तेवढ्या शाईत दोन्हीकडची पुस्तकं छापून झाली असती. इथं पापडखाराचं प्रमाण सांगताना दोघींपैकी एकीलाही तो वाद आठवला नाही. केरळी पप्पडम तळल्यावर टम्म फुगतो आणि त्याला स्वतःची अशी चव फार नसते. कोकण्यांचा पापड मात्र हिंग-मिऱ्याचा, चपटा आणि स्वाभिमानी. त्या बाईंच्या मते पहिला पदार्थ पापड या नावाला लागूच नाही. सुना आता बंगळूरला, त्यामुळं लाटायला बायका बाहेरून बोलवाव्या लागतात, हेही त्यांनी सांगितलं. पापड आम्ही अर्थातच घेतले. पैसे घेताना त्यांनी अर्धा डझन वर घातले आणि ते "गांवच्या मनशांक" असं काहीतरी म्हणाल्या. त्यांच्या घराण्यानं गाव सोडून साडेचारशे वर्षं झाली होती.

याच चेरलाईच्या कोकण्यांचा एक पराक्रम आहे, तो प्रत्येक मराठी माणसाला माहीत हवा. सतराव्या शतकात हेंड्रिक व्हान ऱ्हेडे नावाचा डच अधिकारी कोचीचा कारभार पाहत होता. मलबारातल्या सगळ्या वनस्पतींचा एक ग्रंथ करायचा असं त्याच्या मनानं घेतलं. 'हॉर्टस मलाबारिकस' या नावानं तो १६७८ ते १६९३ या काळात अॅमस्टरडॅममध्ये बारा खंडांत निघाला. त्यात साडेसातशेच्या आसपास वनस्पती आहेत. माहिती कुणाची? इट्टी अच्युतन नावाच्या ईळव वैद्याची, आणि रंगभट, विनायक पंडित, अप्पूभट या तीन कोकणी वैद्यांची. झाडं ओळखून, नावं सांगून, औषधी उपयोग पडताळून देणारे हे लोक. त्या तिघांनी १६७५ मध्ये दिलेलं प्रमाणपत्र पहिल्या खंडात छापलंय. कोकणीत, नागरी लिपीत. म्हणजे रायगडावर राज्याभिषेक होऊन वर्षही सरलं नव्हतं, तेव्हा कोचीत तीन भट "हे झाड हेच, आम्ही बघितलंय" असं नागरीत लिहून सह्या करत होते, आणि तो कागद हॉलंडला छापायला निघाला होता. आपल्याकडं छपाईचं यंत्र यायला किती उशीर झाला याचं दुःख करताना हा कागद आठवावा. पुस्तक लॅटिनमध्ये. केरळचे वनस्पतिशास्त्रज्ञ के. एस. मणिलाल यांनी निम्मं आयुष्य घालून त्याचं इंग्रजी केलं, ते २००३ मध्ये निघालं. तोवर केरळच्याच वैद्यांनी सांगितलेलं केरळात फार थोड्यांना वाचता येत होतं.

रंगभटांच्या नावाचा एखादा चौक मट्टनचेरीत असायला हरकत नव्हती. मला तरी दिसला नाही. ऱ्हेडेचं नाव मात्र गाइडला पाठ होतं.

फोर्ट कोचीत वेळीच्या मैदानाजवळ धोबीखाना आहे. तो पत्रकात नसतो, पण रिक्षावाले नेतात. हे धोबी वण्णार समाजाचे, मूळ तमिळनाडूचे. डचांच्या सैन्याचे गणवेश धुवायला त्यांना आणलं होतं असं तिथं सांगतात. डच गेले, इंग्रज आले, इंग्रज गेले, हॉटेलं आली. कपडे कुणाचेही असोत, मळायचे थांबत नाहीत. आत्ताचा धोबीखाना कोची विकास प्राधिकरणानं १९७६ मध्ये बांधून दिला. प्रत्येक धोब्याची आपली न्हाणी, आपला दगड. बाहेर मैदानात दोऱ्यांच्या रांगाच रांगा. मी त्या दोऱ्यांपाशी बराच वेळ उभा राहिलो, कारण एकाही कपड्याला चिमटा नव्हता आणि वारा तर समुद्रावरचा. मग एका आजोबांनी करून दाखवलं. दोरी काथ्याची, दोन पदरी, घट्ट पिळलेली. बोटानं पीळ जरासा उकलायचा, चादरीचं टोक फटीत सरकवायचं आणि सोडायचं. पीळ आपोआप मिटतो आणि चादर धरून ठेवतो. गंजाचा डाग नाही, चिमट्याचा वळ नाही, खर्च शून्य. आत एक जण तांदळाच्या पेजेची खळ करत होता, दुसरा कोळशाच्या इस्त्रीनं शर्टाच्या कॉलरवर असा काही भार देत होता की त्या शर्टाला मान ताठ ठेवण्यावाचून गत्यंतर नव्हतं. घरात ते तमिळ बोलतात, गिऱ्हाइकाशी मल्याळम आणि आमच्याशी जोरकस हिंदी. मी विचारलं, मुलं काय करतात? "एक नर्स, एक कंप्यूटर," आजोबा म्हणाले. त्यांच्या आवाजात समाधान होतं आणि दगडाकडं बघण्यात थोडी काळजी.

बाकीचे किती सांगू? गुजराती रोडवर जैन मंदिर आहे, तिथं दुपारी बारा वाजता कबुतरांना दाणे घालतात. ती कबुतरं घड्याळाबरहुकूम जमतात. तिथल्या मिठाईवाल्याकडं ढोकळा आणि केळ्याचे वेफर्स एकाच काचेच्या कपाटात असतात. कच्छी मेमन आहेत, त्यांची बिर्याणी बारीक तांदळाची असते. दखनी मुसलमान आहेत, तुळू ब्राह्मण आहेत, अँग्लो-इंडियन आहेत. चार-पाच चौरस किलोमीटरांत तीसएक समाज नांदतात, असं मोजदाद केलेले सांगतात. आपल्याकडची सांगली जिल्ह्यातली, विटा-खानापूर-आटपाडीची गलाईवाली मंडळीही केरळात पोचलेली आहेत. सोनं गाळण्याच्या भट्टीशी बसलेला माणूस "बसा की पाव्हणं" म्हणाला तर दचकू नये. दखनी घरातला मेहबूब नावाचा गायक याच मट्टनचेरीचा. १९८१ मध्ये तो गेला, पण त्याची गाणी अजून गल्लीत वाजतात. मल्याळममध्ये गझल रुजवणारे उंबायी इथलेच, तबला आणि गाणं मुंबईत राहून शिकलेले. एखाद्या संध्याकाळी मिऱ्याच्या वखारीमागच्या माडीवर कुणीतरी रफी आळवत असतो. उच्चार मल्याळी, तान मात्र चोख.

हा सगळा पसारा चालत होता तो बाजार रोडवरच्या वखारींवर. पूर्वी मोठी जहाजं समुद्रातच उभी राहत आणि माल होड्यांनी मट्टनचेरीच्या धक्क्याला लागे. १९२० मध्ये रॉबर्ट ब्रिस्टो नावाचा इंग्रज इंजिनियर आला. त्यानं खाडीच्या तोंडाशी आडवी पडलेली वाळू उपसून काढली आणि त्या गाळातून विलिंग्डन बेट उभं केलं. १९२८ मध्ये 'पद्मा' नावाची आगबोट आतल्या बंदरात शिरली. पुढं बंदर तिकडं गेलं आणि मट्टनचेरीच्या वखारी हळूहळू रिकाम्या होऊ लागल्या. गावं ओस पाडायला लढाईच लागते असं नाही, चांगला इंजिनियर पुरतो.

मिऱ्याचा वायदेबाजार मात्र १९५७ पासून इथंच भरत असे. एका खोलीत माणसं एकमेकांच्या अंगावर ओरडून भाव ठरवायची आणि तो भाव जगात मानला जायचा. तोही ओरडा आता थांबलाय.

आणखी एक ओरडा होता, तो कुठल्याच पत्रकात येत नाही. गोदीवर सकाळी शेकडो हमाल जमत. मुकादम वर उभा राहून पितळी बिल्ले गर्दीत फेकायचा. ज्याच्या हाती बिल्ला लागेल त्याला त्या दिवसाचं काम. बाकीच्यांनी रक्त पुसत घरी जायचं. या पद्धतीला चाप्पा म्हणत. तिच्याविरुद्ध उठलेल्या कामगारांवर १५ सप्टेंबर १९५३ ला मट्टनचेरीत गोळीबार झाला, तिघं गेले. काही वर्षांमागं 'तुरमुखम' हा चित्रपट आला त्यामुळं ही गोष्ट पुन्हा बोलली जाऊ लागली. गिरणगावात वाढलेल्या कुणालाही तो अनोळखी वाटणार नाही. माझ्या मते मट्टनचेरीचा खरा वारसा सांगायचा तर सिनेगॉगातल्या बेल्जियन झुंबराशेजारी एक पितळी बिल्ला काचेत ठेवायला हवा. पण झुंबराबरोबर फोटो चांगला येतो.

आता जतनाबद्दल. कोचीत या विषयावर तज्ज्ञ पुष्कळ आहेत आणि कामंही चांगली झाली आहेत. २०१२ च्या १२ डिसेंबरला इथं कोची-मुझिरिस बिनाले हे कलाप्रदर्शन सुरू झालं. ते उभं करणारे बोस कृष्णमाचारी आणि रियास कोमू हे दोघंही मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयातून घडलेले. त्यांनी पडीक वखारी झाडून चित्रांसाठी उघडल्या आणि या भागाला दुसरं आयुष्य दिलं, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण त्यामागून जागांचे भावही आले. ज्या वखारीत आलं वाळत पडायचं तिथं आता आल्याचा चहा मिळतो, आणि एका कपाच्या किमतीत पूर्वी पाच-सहा किलो आलं आलं असतं. होमस्टे झालेल्या घरातला मुलगा सांगत होता की वडिलांना जुनी खिडकी बदलायची तर वारसा समितीची परवानगी लागते, आणि परवानगी येईपर्यंत पाऊस थांबत नाही. जांभ्याच्या भिंतीला चुन्याचा गिलावा लागतो, कारण भिंतीतला दमटपणा त्यातून बाहेर पडतो. सिमेंट मारलं की ओल आत कोंडते, दोन पावसाळ्यांत पोपडे धरतात आणि मग घर धोकादायक ठरतं. हे कोकणातल्या गवंड्याला ठाऊक आहे, इथल्या गवंड्यालाही ठाऊक आहे. पण चुना मळणारा गवंडी महाग आणि सिमेंटचं पोतं कोपऱ्यावर मिळतं.

ज्यू टाउनमधली जुन्या वस्तूंची दुकानं ही तर जतनाची फारच अभिनव शाखा. तिथं नक्षीचे दरवाजे, खांब, पेटारे, एकेका लग्नाची पंगत उठेल एवढ्या काशाच्या कढया रचलेल्या असतात. दरवाज्याचं कौतुक करत असताना बायकोनं विचारलं, "घर कुठंय याचं?" दुकानदार फार सज्जन होता, नुसता हसला. घर पाडायचं आणि दार जपायचं.

याचा कळस कडवुंभागम सिनेगॉगमध्ये झाला. मट्टनचेरीतलंच, सोळाव्या शतकातलं, ज्या सिनेगॉगात सगळे पर्यटक जातात त्याच्याहूनही जुनं. त्याचे लोक इस्रायलला गेले. मग नक्षीदार लाकडी छत आणि आतलं सगळं काम जेरुसलेमच्या इस्रायल म्युझियममध्ये गेलं. तिथं ते अतिशय काळजीनं मांडलंय. इथं भिंती राहिल्या, त्यांची काही काळ वखार झाली, आणि २०१९ च्या पावसाळ्यात त्यांचा मोठा भाग कोसळला. तेव्हा सिनेगॉग जतन झालं की नाही? जेरुसलेममध्ये विचाराल तर झालं. मट्टनचेरीत विचाराल तर कुठलं सिनेगॉग, असं विचारतील. शेजारच्या प्रसिद्ध सिनेगॉगात रांग लागलेली असताना दोन गल्ल्या पलीकडं ही भिंत पावसात उभी होती, याचा मला राग येतो.

तरी मट्टनचेरीला मरणपंथाला लागलेली म्हणवत नाही. चिनी जाळ्यांचंच बघा. ती चिन्यांनी आणली की मकाऊहून पोर्तुगीजांनी, यावर पंडित भांडतात. सागाचे खांब आता महाग म्हणून काही जाळ्यांना लोखंडी नळ्या लागल्यात. यावर वारसावाले नाराज आहेत. पण जाळं उचलणारे कोळी म्हणाले, खांब कशाचा का असेना, दुसऱ्या टोकाला टांगलेल्या दगडांचं वजन बरोबर असलं की जाळं वर येतं. पाच जण मिळून दोर ओढतात, वर येतं तेव्हा त्यात थोडी मासळी, थोडं शेवाळ आणि एखादी प्लॅस्टिकची बाटली असते. मासळी विकतात, बाटली बाजूला ठेवतात आणि पर्यटकाला दोर ओढू देण्याचे पैसे घेतात. त्या पैशांतून जाळं दुरुस्त होतं. मला हा व्यवहार अत्यंत शहाणपणाचा वाटला. आयोग नेमून यापेक्षा बरं काही सुचलं असतं असं वाटत नाही.

तेव्हा कधी कोचीला गेलात तर टूर मॅनेजरची नजर चुकवा. चेरलाईचे पापड घ्या, घासाघीस करू नका. धोबीखान्यात एक शर्ट टाका, म्हणजे तो न्यायला दुसऱ्या दिवशी परत यावंच लागेल आणि मुक्काम आपोआप वाढेल. कबरीला नमस्कार करायचा तर जरूर करा. सिनेगॉग शनिवारी बंद असतं, तेवढं बघून तारीख ठरवा.